राखण

टर्नबो क्रीकचं पाणी मे महिन्यात
घोट्याला गार, गुडघ्याला त्याहून गार.
त्याच्या वर कसं ते मला ठाऊक नव्हतं.
मी नऊ वर्षांची होते,
आणि पांढरा ट्रे न हलवता धरणं एवढंच माझं काम.

आयव्हा क्रायडर बाई दगड उचलायच्या
निजलेल्या पोराची कूस बदलावी तसा,
त्याची खालची बाजू ब्रशने ट्रेवर झाडायच्या.
आधी नुसता गाळ.
मग हळूहळू गाळाला पाय फुटत.

तीन शेपट्यांची ती मेफ्लाय.
दोन शेपट्यांची स्टोनफ्लाय, ती सापडली की पाणी चांगलं, लिही.
वाळूचे कण जोडून अंगरखा शिवणारी कॅडिस
घर पाठीवर घेऊन ट्रेचा कोपरा गाठायची.
आणि हेलग्रामाइट, बोटभर, काळा, चिमटे परजणारा.
त्याचं नाव घ्यायचं, त्याला हात लावायचा नाही.
मी वहीत रेघा ओढायचे, चार उभ्या, एक आडवी.
एकशे बारा झाल्या तेव्हा बाई म्हणाल्या,
ओढा अजून तरी आपल्यावर रुसलेला नाही.

वरच्या वळणाला बाबा गळ टाकत होते.
म्हणजे दोरी पाठीमागे हवेत
पुरती उलगडेपर्यंत थांबायचे, मगच पुढे.
थांबणं त्यांना एवढंच जमलं.
बाकी अठरा चाकं, टल्सा, अमरिलो,
तीन आठवडे रस्ता आणि एक आठवडा मी.
दोरीच्या टोकाला हरणाच्या शेपटीचे केस,
कोंबड्याचं पीस, तांब्याची तार,
रात्री जेवणाच्या टेबलावर बांधलेलं सोंग.
माशी म्हणायची त्याला,
दिसायचं मात्र शेवंडीच्या धाकट्या भावासारखं.

लागला.
लाल डोळ्यांचा, पितळेच्या अंगाचा बास, कुशीवर उभे पट्टे.
दोनदा पाण्याबाहेर येऊन डोकं झटकलं त्याने.
"एल्डन, कुठून उचललास?" बाई ओरडल्या,
वर्गात ओरडायच्या तशा नाही.
बाबांनी हनुवटीने दाखवलं:
ओंडक्याच्या आडोशाला, परातीएवढी,
झाडून लख्ख केलेली खडी.
तिच्यावर तिळाएवढी काळी पिल्लं, धुरासारखी.

बाईंनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं.
"तो चरत नव्हता रे. उभा होता."

पहिल्या मिनिटात काही झालं नाही.
दुसऱ्यात एक सनफिश आला,
शेजारी साखर मागायला आल्यासारखा.
मग त्याचं सगळं गोत.

"मादी अंडी घालून निघून जाते,"
बाई सांगत होत्या, नजर काट्यावर,
"पुढचं सगळं नराकडे. दिवसचे दिवस धड खात नाही.
शेपटीने गाळ झाडत राहतो."
बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
मी ट्रेमध्ये पाहिलं.
कॅडिस अजून चालतच होती.

गळ सुटेना. बाबांची बोटं
ट्रकचं चाक बदलणारी, तीच थरथरत होती.
मग सुटला, आणि दोन तळव्यांमधून तो गेला,
खोल डोहाकडे नाही,
नीट ओंडक्याआड.
सनफिश फुटाण्यासारखे उडाले.
पावणेचार मिनिटं, बाईंनी स्वतः वहीत लिहिलं.
उरली किती, ते नाही लिहिलं.
धूर विरळ झाला होता.

त्या रात्री बाबांनी पक्कड घेऊन
माश्यांच्या गळांची टोकं तोडली.
सगळ्यांची नाही. सात-आठ.
त्या वेगळ्या डबीत घालून वर चिकटपट्टी लावली: मे.
सोमवारी ट्रक घेऊन गेले.

वही आता माझ्याकडे आहे.
ट्रे मॅगर्डांचा धाकटा धरतो, फार हलवतो.
यंदा स्टोनफ्लाय सहाच.
मोजणी झाली की मी ती डबी उघडते,
बिनटोकाची माशी ओंडक्यामागे टाकते
आणि दोरी सैल सोडते.
तो येतो. तोंडात धरतो.
खडीपासून चार हात लांब नेऊन
थुंकतो,
आणि परत जाऊन उभा राहतो.